गावच्या हायस्कूलचा इतिहास जनरल रजिस्टरात आहे

गावच्या हायस्कूलचा इतिहास विचारला की लोक मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या फोटोंकडे बोट दाखवतात. संस्था कोणी काढली, जागा कोणी दिली, कोनशिला कोणाच्या हस्ते बसली, पहिले मुख्याध्यापक कोण, एवढे सांगून झाले की इतिहास संपतो. रौप्यमहोत्सवाच्या स्मरणिकेत हीच नावे, सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेतही हीच. ज्यांनी शाळा उभी केली त्यांचा मान मोठा आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण शाळा ज्यांच्यासाठी काढली ती मुले या इतिहासात कुठे आहेत? किती आली, किती दहावीपर्यंत टिकली, किती मधूनच गेली आणि का गेली? हे सगळे लिहून ठेवलेले आहे. प्रत्येक हायस्कूलच्या लोखंडी कपाटात आहे. त्याला जनरल रजिस्टर म्हणतात. ते कोणी वाचत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते, म्हणून हा लेख.

मी शाळेत लिपिक होते. माहेर वेल्ह्याच्या बाजूचे, सासर वरवे बुद्रुक. पुणे-सातारा रस्त्यावर नसरापूरच्या अलीकडे आमचे गाव. नोकरीची सगळी वर्षे याच भागातल्या एका माध्यमिक शाळेच्या कार्यालयात गेली. प्रवेश, शिष्यवृत्तीचे अर्ज, पगारबिले, दहावीचे फॉर्म आणि दाखले हे माझे काम. वर्गातले मूल शिक्षकांना दिसते. ते कुठून आले आणि कुठे गेले, हे कार्यालयाला दिसते.

ज्यांनी हे रजिस्टर पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगते. जाड पुठ्ठ्याचे, कापडी पाठीचे, पान उलटायला दोन्ही हात लागावेत एवढे रुंद. एका मुलाला एक आडवी ओळ. डाव्या पानावर रजिस्टर नंबर, पूर्ण नाव, धर्म आणि जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, इयत्ता. उजव्या पानावर प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, शाळा सोडण्याचे कारण आणि शेरा. जुन्या रजिस्टरांत आईच्या नावाला रकानाच नसे, तो फार उशिरा आला. खाडाखोड चालत नाही. एकदा दाखला हातात गेला की माध्यमिक शाळा संहितेप्रमाणे नाव, जात, जन्मतारीख यांतले काहीही शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय बदलता येत नाही. मंजुरी आली की लाल शाईने नोंद करायची, आदेशाचा क्रमांक आणि तारीख घालायची, मुख्याध्यापकांची सही घ्यायची. बाकीची बरीच कागदपत्रे मुदत संपली की नष्ट करता येतात. जनरल रजिस्टर मात्र कायम जपायचे असते.

आता जुने पान वाचू. जन्मतारखेच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत १ जून, १ जून, १ जून. प्राथमिक शाळेच्या दाखल्यावरून ती तारीख आमच्याकडे आलेली असते. आईबापांना मूल कधी झाले ते आठवायचे, पण तारखेने नाही. भातकापणीत झाले, किंवा पानशेत फुटले त्या साली झाले, असे सांगायचे. पानशेतचे धरण फुटले १२ जुलै १९६१ ला, एवढे तरी नक्की असायचे. शाळा जूनमध्ये सुरू होते, म्हणून गुरुजी वय अंदाजून १ जून लिहून टाकत. त्या पिढीतली कितीतरी माणसे नोकरीतून ३१ मे रोजी निवृत्त झाली, त्याचे मूळ या रकान्यात आहे. तारीख खोटी असेल, पण ती एक खरी गोष्ट सांगते. त्या घरात लिहिता-वाचता येणारे कोणी नव्हते आणि शाळेची पायरी चढणारे हे पहिलेच मूल होते. गावचे हायस्कूल कोणासाठी निघाले, याचा याहून बोलका पुरावा मला कुठे सापडलेला नाही.

मग उजव्या पानावरचा 'शाळा सोडण्याचे कारण' हा रकाना. 'पुढील शिक्षणासाठी' असे लिहिताना हात हलका व्हायचा. 'पालकांचे स्थलांतर' यात आमच्या भोर-वेल्ह्याचा सगळा भूगोल आहे. नीरा-देवघर झाले, गुंजवणी झाले, धरणांनी गावे उठवली आणि त्यांबरोबर वर्गातली नावे गेली. पुढे रस्ता रुंद झाला, वेळूपासून कारखाने आणि गोदामे उभी राहिली, तेव्हा उलटी वाट सुरू झाली. 'आधीची शाळा' या रकान्यात नांदेड, परभणी, बीड येऊ लागले, मग बिहार आणि उत्तर प्रदेशही आले. ही मुले खोली बदलली की शाळा बदलतात. 'सतत गैरहजर' यामागे बहुधा जुलैमधली भातलावणी किंवा घरातले आजारपण असायचे. आणि आठवी-नववीतल्या मुलींपुढे लिहिलेले असायचे 'पालकांच्या इच्छेनुसार'. त्याचा अर्थ काय ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होते. दाखला घ्यायला मुलीचा बाप एकटाच आला की मी समजून जायचे. गेल्या काही वर्षांत ही नोंद कमी झाली. एसटीचा मोफत पास मिळाला, मुलींना बारावीपर्यंत फी माफ झाली, गावोगावच्या आयांनी हट्ट धरला. हाही इतिहासच आहे, आणि अभिमानाने सांगावा असा आहे. तो कोणत्या स्मरणिकेत छापून आला?

२०२३ साली ही कपाटे अचानक उघडली. मराठा समाजाच्या कुणबी दाखल्यांसाठी सरकारने ७ सप्टेंबरला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि पुढे राज्यभर १९६७ पूर्वीच्या कुणबी नोंदी शोधण्याचे काम निघाले. महसुली दप्तरांबरोबर शाळांची रजिस्टरेही तपासली गेली. मी निवृत्त झाले होते, पण जुनी अक्षरे लागतात म्हणून मला मदतीला बोलावले होते. कुठे पानांच्या कडा वाळवीने खाल्लेल्या, कुठे ओल येऊन शाई पसरलेली, कुठे दोन पाने एकमेकांना चिकटलेली. प्राथमिक शाळांच्या त्याहून जुन्या दप्तरांसाठी लोक मोडी वाचणाऱ्यांच्या शोधात फिरत होते. आपल्या हक्काचा पुरावा लोकांनी शोधला, यात गैर काहीच नाही. मला खटकले ते एवढेच, की सगळे जण एका रकान्यावर बोट ठेवून खाली सरकत होते. त्याच ओळीत ते मूल कोणत्या वयात आले, कोणत्या इयत्तेत गेले, का गेले, हेही लिहिलेले होते. काम झाले आणि कपाट पुन्हा बंद झाले.

शहरातल्या शाळांचा इतिहास लिहिला गेला आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी जानेवारी १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले, पाठोपाठ आगरकर आले, १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. त्याच वर्षी मुलींसाठी हुजूरपागा सुरू झाली. हे आपल्याला शाळेतच शिकवले जाते आणि ते शिकवलेच पाहिजे. पण आमच्यासारख्या गावांत हायस्कूल पोहोचायला पुढे दोन-तीन पिढ्या गेल्या आणि ते दुसऱ्याच वाटेने आले. माझ्या लेखी ती वाट आमच्या गावावरून पुढे जाणाऱ्या याच रस्त्याने साताऱ्याहून आली.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली. तिथल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत आणि एका पंगतीत जेवत. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी गांधीजींच्या हस्ते त्या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचे नाव दिले गेले. मुष्टिफंडातून घरोघर मूठमूठ धान्य गोळा होई. धान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही, मुलांच्या जेवणासाठी दिले. १९४० मध्ये भाऊरावांनी साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू केले. ज्या राजाने आपल्या बडोदे संस्थानात १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, त्याचे नाव त्या शाळेला दिले. गरिबाच्या मुलाने फी न भरता, वसतिगृहात राहून, अंगमेहनत करून शिकावे यासाठी ते हायस्कूल होते. विहीर खणणे, शेत पिकवणे, इमारतीसाठी दगड वाहणे हा तिथे अभ्यासाचाच भाग होता. १९४७ मध्ये याच पायावर साताऱ्याचे छत्रपती शिवाजी कॉलेज उभे राहिले.

आमच्या तालुक्यात तेव्हा पंतसचिवांचे भोर संस्थान होते. ८ मार्च १९४८ रोजी ते मुंबई राज्यात विलीन झाले. भोरचे राजा रघुनाथराव विद्यालय आजही त्या शेवटच्या राजाचे नाव सांगते. स्वातंत्र्यानंतर खेडोपाडी जी हायस्कुले निघाली, त्यांतली कितीतरी देवळाच्या ओवरीत, चावडीत, कोणाच्या तरी माडीवर भरली. वर्गणी निघाली, बैलगाड्यांतून वाळू आली, कौले चढली. संस्था वेगवेगळ्या होत्या, पण काम करत शिकायचे हे वळण साताऱ्याचे होते. आमच्याकडच्या शाळांच्या सगळ्या जुन्या परंपरा मला याच वळणावर उभ्या दिसतात.

त्या परंपरा कोणत्या? सकाळची प्रार्थना, प्रतिज्ञा, परिपाठ हे सगळीकडे आहे. मला म्हणायच्या आहेत त्या वेगळ्या. शनिवारचे श्रमदान. पाचवीच्या मुलाला एक झाड नेमून द्यायचे आणि दहावीपर्यंत ते त्यानेच जगवायचे. वर्षाचे हस्तलिखित, त्यात चांगले अक्षर असलेल्या मुलांनी सगळ्यांच्या कविता आणि लेख उतरवून काढायचे, चित्रकलेच्या सरांनी मुखपृष्ठ करून घ्यायचे. २६ जानेवारीच्या प्रभातफेरीआधी गावातला रस्ता मुलांनी झाडायचा. आणि निरोप समारंभाला दहावीच्या वर्गाने शाळेला भेट द्यायची. कोणत्याही जुन्या हायस्कुलात जाऊन मान वर करून पाहा. पंख्याच्या पात्यावर, भिंतीवरच्या घड्याळावर, सरस्वतीच्या तसबिरीखाली पिवळ्या रंगात लिहिलेले दिसेल: दहावीची अमुक सालची तुकडी, सप्रेम भेट. रुपया-दोन रुपये गोळा करून घेतलेला तो पंखा त्यांच्या धाकट्या भावंडांना वारा घालत असतो. मी कार्यालयातल्या घड्याळाखाली नोकरी केली, ते घड्याळ १९७५ च्या तुकडीने दिलेले होते. त्या वर्षी दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली आणि जुनी अकरावी संपली. रजिस्टरात त्या साली शाळा सोडणाऱ्यांच्या नोंदी इतक्या दाट आहेत, त्याचे कारण हेच की अकरावी आणि दहावी अशा दोन्ही तुकड्या एकदम बाहेर पडल्या. घड्याळ आणि रजिस्टर शेजारी ठेवले की एका वर्षाचा इतिहास पुरा होतो.

आज या परंपरांना उतरती कळा लागली आहे. हस्तलिखिताची जागा मोबाइलमधल्या फोटोंनी घेतली. निरोप समारंभ मंगल कार्यालयात गेला. श्रमदानाला पालक उघड विरोध करतात. आमच्या मुलाला झाडू मारायला शाळेत घातले नाही, असे मला खिडकीशी येऊन ऐकवणारे पालक भेटले आहेत. त्यांचे म्हणणे मी झिडकारत नाही, कारण त्यामागे जुनी दुखणी आहेत. एके काळी काही ठिकाणी झाडू ठरावीक घरांतल्या मुलांच्याच हातात दिला जाई. शेणाने वर्ग सारवायचे काम मुलींचे आणि झाडांना पाणी घालायचे मुलांचे, ही वाटणी तर मी स्वतः पाहिली आहे. ज्यांच्या आजोबांनी ते सोसले, ते आज मुलाच्या हातात झाडू पाहून बिथरणारच.

पण त्यावर उपाय श्रमदान बंद करणे हा नव्हे. साताऱ्याच्या वसतिगृहाने शंभर वर्षांपूर्वी याचे उत्तर दिले आहे: काम सगळ्यांचे आणि पंगत एकच. शाळेने पाळीचा तक्ता भिंतीवर लावावा. त्यात मुलगे, मुली, वर्गशिक्षक आणि मुख्याध्यापक सगळ्यांची नावे असावीत. स्वच्छतागृहे साफ करण्यासाठी शाळेने माणूस नेमून त्याला नीट पगार द्यावा, ते काम मुलांवर टाकू नये. वर्ग, मैदान, झाडे आणि ग्रंथालय ही मुलांची राहू द्यावीत. ज्या मुलाने पाच वर्षे एका झाडाला पाणी घातले, ते मूल त्या झाडाची फांदी मोडत नाही आणि शाळेची काचही फोडत नाही, हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे.

आणखी एक प्रश्न आमच्याच शेजारचा आहे. तेव्हाच्या वेल्हे तालुक्यातल्या पानशेतला आसपासच्या छोट्या प्राथमिक शाळांची मुले एकत्र आणून समूह शाळा सुरू झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तांनी पानशेत आणि नंदुरबारमधल्या तोरणमाळच्या धर्तीवर, वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी असे प्रस्ताव राज्यभरातून मागवले. वाहन, प्रयोगशाळा, पुरेसे शिक्षक मिळाले तर मुलांचा फायदा आहे. उलट पावसाळ्यात ओढ्याला पूर आला की वाडीवरची लहान मुलगी त्या वाहनापर्यंत कशी पोहोचणार, हाही प्रश्न खरा आहे. डोंगरातल्या वाडीला जवळची शाळा हवीच, असे मला वाटते. पण निर्णय काहीही होवो, बंद होणाऱ्या शाळेच्या रजिस्टराचे काय, हे कोणी विचारताना मी ऐकले नाही. कायद्याने ते दुसऱ्या शाळेकडे जाईल, पोत्यात बांधून जाईल आणि कोपऱ्यात पडेल. ज्या वाडीतली पहिली शिकलेली माणसे त्या पानांवर आहेत, त्या वाडीला आपले पान पुन्हा दिसणार नाही. आज ही वेळ प्राथमिक शाळांवर आहे. पट घसरत राहिला तर उद्या आमच्या हायस्कुलांवर येईल.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. २०१५ पासून मुलांच्या नोंदी 'सरल' प्रणालीत ऑनलाइन जाऊ लागल्या, त्यामुळे अलीकडची मुले सुरक्षित आहेत. त्याआधीच्या प्रत्येक जनरल रजिस्टराचे पानन् पान स्कॅन व्हावे, मूळ प्रत वाळवी आणि ओल लागणार नाही अशा जागी ठेवावी. हा खर्च संस्थेने करावा, नाही तर माजी विद्यार्थ्यांनी उचलावा. दरवर्षी दिवाळीनंतर माजी विद्यार्थ्यांचे मेळावे होतात, फेटे बांधले जातात, जेवणावळी होतात. त्यातली एक दुपार जुन्या आठवणी नोंदवून घ्यायला द्यावी. नोंद घेण्याचे काम आठवी-नववीच्या मुलांनी करावे. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावे: तुम्ही शाळेत कसे जायचात, कोणी सोडवली, परत का गेला नाहीत? त्यातून त्या वर्षीचे हस्तलिखित तयार व्हावे. मुलांना भाषेचा, इतिहासाचा आणि माणसे समजून घेण्याचा याहून चांगला अभ्यास मिळणार नाही.

रजिस्टरातली नावे आणि जाती चव्हाट्यावर आणा, असे मी म्हणत नाही. ती माणसांची खासगी माहिती आहे आणि लिपिकाने ती जपलीच पाहिजे. पण नावाशिवायचे आकडे गावाचे आहेत. आपल्याकडे ग्रामसभेत ग्रामनिधीचा हिशेब वाचला जातो. तसा २६ जानेवारीला ध्वजवंदनानंतर हायस्कूलचा ताळेबंद गावापुढे वाचला जावा: या दहा वर्षांत पाचवीला इतकी मुले आली, दहावीला इतकी पोहोचली, मुली इतक्या, मुलगे इतके, मधून सुटली ती या या कारणांनी आणि गेल्या वर्षी सुटलेल्यांपैकी इतकी परत आणली. शेवटचा आकडा शून्य असेल तर तोही वाचावा. तो ऐकल्यावर कोणीतरी पालक, कोणीतरी सरपंच, कोणीतरी माजी विद्यार्थी उठून विचारेल की ही मुले आता कुठे आहेत.

तो प्रश्न विचारला जाणे हीच मला शाळेची सर्वांत मोठी परंपरा वाटते, कारण आमची हायस्कुले याच प्रश्नातून निघाली. कर्मवीरांनी आणि गावोगावच्या अनाम माणसांनी वर्गाबाहेर राहिलेले मूल आधी पाहिले आणि मग शाळा काढली. भोर-वेल्ह्यातल्या सगळ्या मुख्याध्यापकांना आणि संस्थाचालकांना माझी विनंती आहे. येत्या जूनमध्ये नवे प्रवेश लिहिण्याआधी जुने रजिस्टर बाहेर काढा, 'शाळा सोडण्याचे कारण' हा रकाना पहिल्या पानापासून वाचा, आणि जे मूल अजून परत येऊ शकते त्याच्या घरी जा.